सावकाश या, मी थांबलोय

त्या दिवशी मांजरीत धुकं असं उतरलं होतं की माझ्याच सायकलचं पुढचं चाक मला हातानं चाचपून बघावं लागलं. आहे का नाही! उसाच्या अंगानं गार वारा येत होता. मफलर दोनदा गुंडाळला, तरी कान कुणी बर्फाच्या लादीवर नेऊन ठेवलेत असं वाटत होतं. रस्त्यावरचे दिवे चालू होते, पण कसले दिवे? दुधात हळद सांडावी तसे नुसते पिवळे डाग. अशा सकाळी शहाणा माणूस गोधडीतून नाक बाहेर काढत नाही.

मी काढलं. आणि कापून घेऊन घरी आलो.

सांगतो, सगळं सांगतो. पण घाई करू नका. मी बोलायला सावकाश, चालायला सावकाश, आणि कळायला तर त्याहून सावकाश. त्या शेवटच्या सावकाशीनंच तर घात केला! चहा हातात असेल तर आधी पिऊन घ्या, नंतर सांडला तर मला बोल लावायचा नाही.

मी माळी आहे. खराडीला त्या काचेच्या उंच इमारती आहेत ना, त्यातल्या एका आवारातली बाग माझ्याकडं असते. शाळेत कधी गेलो नाही. परभणीकडनं पुण्यात आलो तेव्हा अंगात रग होती आणि बरोबर सरू होती, आमची मंडळी. रग हळूहळू गेली. सरू एकदम गेली. मुलगा बडोद्याला आहे, चांगला आहे, फोन करतो. "बरंय ना बाबा?" म्हणतो. "बरंय." "ठेवू?" "ठेव." झालं! आता एवढ्यात माणसानं काय काय सांगावं?

दिवसभर मी झाडांशी बोलतो. झाडं ऐकतात फार छान, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मधेच "मग काय झालं?" असं विचारत नाहीत हो. माणसाला "मग?" म्हणणारं कुणीतरी लागतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या गावाकडं एका वाटेनं दोन माणसं एकाच दिशेला निघाली, तर ती वेगवेगळी जात नाहीत. पुढचा थांबतो, मागचा पाय उचलतो. "कुठवर?" "अमक्या गावापर्यंत." "चला मग." ओळख नसली तरी चालतं. आणि पुढं गेलेल्यानं जर वळून मागं बघितलं, तर त्याचा अर्थ एकच: येताय ना? अशा माणसाला एकट्याला जाऊ दिलं तर लोक नावं ठेवतात.

ही रीत माझ्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखी पक्की. आणि मी कुठं? पुण्यात!

दिवाळीच्या अलीकडची गोष्ट. मी माझ्या काळ्या सायकलवर, कॅरिअरला खुरपं आणि डबा बांधून, आपला रोजच्यासारखा खराडीला निघालो होतो. मागून एक तरणा पोरगा सुळ्ळकन पुढं गेला. डोक्यावर उलटी चाळणी घालावी तसं हेल्मेट. सायकलची चाकं शेवयांएवढी बारीक. थोडं पुढं गेला आणि त्यानं काय केलं?

वळून मागं बघितलं!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

"आलो, आलो!" मी ओरडलो आणि पायडल हाणलं.

त्यानं पुन्हा बघितलं. मी आणखी जोर केला. तो आणखी जोरात निघाला. म्हटलं, तरणं रक्त आहे, चालायचंच. सिग्नलला गाठला एकदाचा. पुण्यात सिग्नल ही मोठी दयाळू गोष्ट आहे, कुणी कितीही पळो, तिथं सगळे सारखे.

"कुठवर?" मी विचारलं.

त्यानं कानातलं बोंडूक काढलं. "काय?"

"कुठवर जाताय म्हटलं?"

"खराडी."

"अहो, मी पण खराडीच!" मला कोण आनंद! वाटलं, चला, रोजची सोबत झाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग सायकलकडं. मग खुरप्याकडं, मग माझ्या पायातल्या स्लिपरकडं. सिग्नल सुटला तसा तो पायडलवर उभाच राहिला आणि पळाला. म्हटलं, साहेबाला घाई दिसतीय.

पुढं केशवनगरचा रस्ता. तुम्ही सकाळच्या वेळी तिथनं गेला असाल तर मी वेगळं सांगायला नको, आणि गेला नसाल तर देवाचे आभार माना. टँकर, शाळेच्या बसा, रिक्षा, मधेच एक आडवी म्हैस. तिथं कुणी हलत नाही. मी काय करतो, सायकलवरनं उतरतो आणि कडेकडेनं ढकलत चालायला लागतो. "जरा सरका दादा, जाऊ द्या मावशी." लोक जाऊ देतात म्हाताऱ्याला. पाहिलं तर हा पोरगा टँकरच्या मागं एक पाय टेकून उभा, सायकलला ओरखडा पडू नये म्हणून अंग चोरलेलं. मी शेजारनं चालत गेलो. बोलणार होतो, पण कानात बोंडकं. म्हटलं, पुढं थांबू.

नदीवरचा पूल संपतो तिथं एक नर्सरी आहे. तिच्यासमोर मी सायकल स्टँडवर लावली आणि वाट बघत उभा राहिलो. पिशवीत पेरू होते, एक काढून ठेवला. बऱ्याच वेळानं स्वारी पुलावर दिसली. तोंड लाल, जीभ बाहेर यायची बाकी.

मी हात उंच करून हलवला. "सावकाश या! सावकाश या, मी थांबलोय!"

तो जवळ आला तसा मी पेरू पुढं केला. "दमलात ना? घ्या."

त्यानं त्या पेरूकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या हातात पेटता सुतळी बॉम्ब ठेवलाय. घेतला मात्र. एक शब्द न बोलता गेला निघून. मी मनात म्हटलं, लाजाळू आहे पोर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. तो पुढं जायचा, वळून बघायचा, मी "आलो" म्हणायचो, केशवनगरात चालत पुढं व्हायचो आणि नर्सरीपाशी पेरू घेऊन उभा राहायचो. "सावकाश या, मी थांबलोय!" काय सांगू तुम्हाला, सरू गेल्यापासून पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटायला लागलं. कुणीतरी आपल्या मागनं येतंय आणि आपण त्याच्यासाठी थांबायचंय, ही साधी गोष्ट नाही हो.

मग काही दिवसांनी तो नवीनच सायकल घेऊन आला. जुनी चांगली होती की! ही आणखी बारीक, मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. मला वाईट वाटलं. नोकरीचं काही गणित बिघडलं की काय पोराचं? त्यात कपडेही बदलले. पहिल्यांदा पँट-शर्टात यायचा, आता अंगाला चिकटलेली तोकडी चड्डी आणि तसलाच बनियन. थंडीचे दिवस आणि लेकरू उघडं! मी माझा मफलर काढून देऊ केला. "नको," म्हणाला आणि दात खात पुढं गेला. मला वाटलं, थंडीनं दात वाजतायत.

हे सगळं मी रोज संध्याकाळी सोनवणे सिस्टरना सांगायचो. त्या माझ्या शेजारीण. दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात, एकट्याच असतात. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एक भिंत. पाणी भरायच्या वेळी नळावर गाठ पडते, तेवढंच बोलणं. सिस्टरांच्या जिभेला इंजेक्शनची सुई लावलेली आहे.

"सिस्टर, आज तो माझी सायकल उचलून बघत होता."

"चोर असेल."

"अहो, नाही! वाकून सीटखाली बघितलं. मागच्या चाकाच्या मधोमध बोट घालून बघितलं. म्हातारा माणूस, सायकल धड आहे का नाही म्हणून काळजी करतो हो."

"हवा भरून दिली?"

"नाही."

"तेल घातलं?"

"नाही."

"मग चोर," म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

पण मी ऐकतो काय! कारण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली आणि मी पार विरघळलो. सिग्नलला त्यानं आपणहून कानातली बोंडकं काढली आणि माझ्याजवळ सरकला.

"काका, तुम्ही खाता काय?"

सरू गेल्यावर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मुलानंसुद्धा नाही.

"ज्वारीची भाकर," म्हटलं. "शेंगदाण्याची चटणी. असला तर कांदा."

"किती भाकऱ्या?"

"दोन."

"सकाळी की रात्री?"

बघा! भाकऱ्यांची वेळसुद्धा विचारली. डॉक्टरचं औषध पाठ करावं तसं त्यानं मान हलवत मनात पक्कं केलं. म्हटलं, चांगल्या घरचं लेकरू आहे, आईनं वळण लावलंय. डोळे पुसायला गेलो तर सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या वळणाचा उद्धार केला.

मग तर काय, मंडळी वाढली! आधी एक दाढीवाला जाडजूड गडी आला, मग एक पोरगी, आरशासारख्या काचांचा चष्मा घातलेली. तिघंही त्याच्याच हापिसातले. आता तिघं वळून मागं बघायचे! मी दुप्पट "आलो आलो" करायचो. नर्सरीपाशी पोचले की दाढीवाला फोन काढून माझं चित्र घ्यायचा. पाव्हण्यासारखा उभा राहायचो मी, टोपी नीट करून. पेरू आता तीन न्यायचो. सगळ्यात मागनं जो येईल तो जास्त दमलेला, म्हणून मोठ्यातला मोठा पेरू त्याला. त्याला मी हातात द्यायचोच, नको म्हटला तरी. आणि गंमत म्हणजे, ज्याला मोठा मिळेल त्याचं तोंड बारीक आणि बाकीचे दोघं खदाखदा हसायचे. मी पण हसायचो. आपली माणसं हसत असताना आपण का हसतोय हे कुठं विचारत बसायचं?

बोलणं असं होत नव्हतंच म्हणा. ते कायम घाईत. पण मला वाटायचं, रस्त्यावर काय बोलणार! एकदा घरी आले की बसतील, बोलतील, "मग काय झालं?" म्हणतील.

आणि तेवढ्यात चंपाषष्ठी आली.

आमच्यात चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग खायचं. सरू होती तेव्हा त्या दिवशी ती चार माणसं बोलावल्याशिवाय राहायची नाही. "वांगं एकट्यानं खाऊ नये, बाधतं," असं म्हणायची. कुठल्या वैद्यानं सांगितलं होतं कुणास ठाऊक! ती गेल्यावर मी चंपाषष्ठीला वांगं आणलंच नाही. म्हणजे खंडोबाचा नैवेद्यही बुडाला. म्हटलं, या वर्षी बुडवायचा नाही. या वर्षी आपली माणसं आहेत.

सिस्टरना विचारलं, "बाजरीच्या भाकऱ्या थापून द्याल का? मला थापायला जमतात, पण पाव्हण्यांसमोर नकाशे कसे ठेवायचे?"

"किती जणांच्या?"

"पाच पानांच्या. ती तिघं, मी, आणि एक पान देवाचं."

"नावं काय तुमच्या पाव्हण्यांची?"

मी बादली नळाखाली सरकवली.

"राहतात कुठं?"

"इकडंच, मांजरीत, त्या नव्या टोलेजंग इमारतींपैकी कुठल्यातरी…"

"फोन नंबर?"

"सिस्टर, रोज भेटणाऱ्या माणसाला फोन कशाला करायचा?"

त्यांनी नळ बंद केला. "येतो म्हणालेत का?"

"अजून विचारलं कुठं? उद्या सकाळी विचारतो."

"विचारा," म्हणाल्या. "भाकऱ्या सांगायच्या आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं." पण भाकऱ्या करते म्हणाल्या.

तर हा तो धुक्याचा दिवस. आलं ध्यानात?

मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळानं धुक्यातनं तिघं सर्रकन माझ्या शेजारनं पुढं गेले. मागचे लाल दिवे लुकलुकताना दिसले तेवढेच. आज बोलणं चुकवून चालणार नव्हतं! मी जोरजोरात घंटी वाजवायला लागलो.

"अहो थांबा! थांबा जरा! संध्याकाळी…"

पुढून आवाज आला, "आले, आले! पळा!"

"अहो, भरीत आहे! भरीत!"

लाल दिवे दिसेनासे झाले. मी जीव खाऊन पायडल मारलं. या वयात असं कुणी सायकल मारतं का? छातीत भाता चालू, टोपी एका कानावर, डब्याचं झाकण खडखड वाजतंय, आणि मी धुक्याला ओरडतोय, "भरीत! भाकरी! थांबा!" रस्त्याकडेला झाडणारी बाई झाडू घेऊन फुटपाथवर चढली. तिला वाटलं असेल, भरीत विकणारा बेभान झालाय.

केशवनगरात तर धुक्यानं कहर केला होता. कोण कुठं अडकलंय कळत नव्हतं, नुसते हॉर्न. मी उतरलो आणि सायकल ढकलत निघालो. त्या गर्दीत ते तिघं होते का, असतील तर कुठं, मला काही दिसलं नाही. वाटलं, गेले पुढं. आता नर्सरीपाशी थांबून नको, हापिसापर्यंत गाठावं लागणार. पूल ओलांडला, आणि नर्सरीपाशी आलो तेव्हा मात्र पाय बोलले, बास. म्हटलं, दोन मिनिटं श्वास घेऊ.

उभा आहे तोच पुलावर मागनं आवाज आले. हसण्याचे! दाढीवाला ओरडत होता, "आज पहिल्यांदा काका मागं! आज पहिल्यांदा!" पोरगी शीळ घालत होती. माझं मन भरून आलं. म्हटलं, बघा, मी दिसलो नाही तर माझी आठवण काढतायत.

ते अगदी जवळ आले तसा मी धुक्यातनं हात वर केला आणि प्रेमानं हाक दिली,

"सावकाश या! मी थांबलोय!"

एक किंकाळी ऐकू आली. मग ब्रेकचा आवाज. मग 'धप्प'.

तो पहिला पोरगा, माझा सगळ्यात जुना सोबती, नर्सरीच्या दारातल्या शेणखताच्या ढिगात उताणा पडला होता. सायकल एकीकडं, चाळणी एकीकडं. बाकी दोघं भूत बघितल्यासारखे उभे.

"लागलं का हो?" मी पळत गेलो.

लागलं नव्हतं. शेणखत मऊ असतं, त्याचे तेवढे उपकार. त्यानं मान वर केली. मिशीला खत लागलेलं.

"कसं?" तो म्हणाला. "काका, कसं शक्य आहे? तुम्ही मागं होतात. घंटी वाजवत होतात. मागं!"

"होतो ना. तुम्हालाच हाका मारत होतो."

"म्हणून तर आम्ही पळालो!"

"पण का पळालात?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. पोरगीनं चष्मा काढला. "काका, एक मिनिट. तुम्ही रेस करत नव्हतात?"

"कसली रेस?"

"रोज! आमच्याबरोबर! ऑफिसला आधी कोण पोचतो ती!"

"मी? मी तर सोबत म्हणून…"

"मग रोज इथं उभं राहून हात हलवता ते?"

"वाट बघतो तुमची."

"आणि ते 'सावकाश या'?"

"सावकाशच यावं की हो. गाड्या किती असतात!"

"आणि पेरू?" दाढीवाल्यानं विचारलं.

"खायला."

दाढीवाला मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. "निनाद! अरे निनाद, हे रेसच करत नव्हते!"

त्या पहिल्या पोराचं नाव निनाद आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या हापिसात सायकलवर येणाऱ्यांची आपसात चढाओढ असते म्हणे. वरवर कुणी कबूल करत नाही, पण आत सगळ्यांना खुमखुमी. त्यात एक स्लिपर घातलेला म्हातारा रोज निनादच्या पुढं जातो, वर पुलापाशी थांबून त्याला चिडवतो, वर हातात पेरू देतो! सगळ्या मजल्यावर गवगवा झाला होता. "आज पेरू कुणाला?" असं सकाळी हापिसात विचारायचे. कामात कुणाचं काही फसलं तरी "त्याला पेरू मिळाला" म्हणायचे. माझी चित्रं फोनवर इकडून तिकडं फिरत होती. सायकलला लपवलेली मोटर आहे का, हे बघायला निनादनं ती उचलली होती. नवी सायकल माझ्यासाठी. चड्डी माझ्यासाठी.

"आणि काका," निनाद शेणखतात बसूनच म्हणाला, रडवेला झाला होता, "दिवाळीपासून मी रोज दोन ज्वारीच्या भाकऱ्या खातोय. मला भाकरी आवडत नाही हो!"

ते तिघं हसले. मीही हसलो. नर्सरीवालाही बाहेर येऊन हसला. एवढं हसणं झालं म्हटल्यावर मला धीर आला. म्हटलं, चुकलं ते चुकलं, ओळख तर झाली!

"बरं, ते जाऊ द्या," मी म्हणालो. "आज चंपाषष्ठी. संध्याकाळी माझ्याकडं भरीत-भाकरी आहे. तिघंही या. इथंच, मांजरीत."

हसणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही हां, ती गुणाचीच पोरं.

"ऑ, काका, किती स्वीट!" पोरगी म्हणाली. "पण आज आमचं रिलीज आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे आज घरी लवकर जाताच येत नाही."

"मग उद्या या. भरीत उद्याही करता येतं."

"उद्या… बघू ना काका. नक्की बघू." दाढीवाला सायकल उचलायला लागला. उद्या त्यांना कुठं बघायचं असतं ते या वयात कळतं माणसाला.

निनाद उठला, अंगावरचं खत झटकलं. "काका, मी आता कंपनीच्या बसनंच येणार. ही सायकल देऊन टाकतो."

"अहो, का?"

"तुम्ही रेस करत नव्हतात," तो म्हणाला, "तरी मी हरलो. आता काय उरलं?"

गेले तिघं. या खेपेला कुणी वळून बघितलं नाही. पेरू पिशवीतच राहिले होते. एक काढून खाल्ला. कच्चा होता.

आता खरं तर इथंच शहाणपण यायला हवं होतं. पण म्हटलं ना, कळायला मी फार सावकाश! संध्याकाळी घरी येऊन मी वांगी भाजली. लसूण टोचून, तेल लावून, गॅसवर उलटी-सुलटी करत. खोलीभर वास सुटला. पातीचा कांदा चिरला. देवाला नैवेद्य दाखवला. आणि काय वेडेपणा म्हणा, पाच पानं मांडली! म्हटलं, रिलीज का काय ते लवकर आटोपलं तर? पोरं यायची आणि पानंच नाहीत, असं नको.

बसलो पानांसमोर. गल्लीत सायकलची घंटी वाजली. धडपडत उठून दार उघडलं. दूधवाला होता. "आज काय जास्तीचं पाहिजे का?" म्हणाला. मी नको म्हटलं.

मग दारात सोनवणे सिस्टर आल्या. हातात भाकऱ्यांची परडी, वर फडकं, फडक्यातनं वाफ. त्यांनी पाच पानं बघितली. माझ्याकडं बघितलं.

"पाव्हणे?"

मी सगळं सांगितलं. शर्यत, पेरू, मोटर, शेणखत, भाकरी, रिलीज. मला वाटलं, आता सुई टोचणार. पण त्या उंबऱ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या, आणि मी मधेच थांबलो की "मग?" म्हणत होत्या. शेणखतापाशी तर त्यांना इतकं हसू आलं की परडी हलायला लागली.

सांगून झालं. आता एवढ्या भाकऱ्यांचं करायचं काय? मला बापड्याला सुचलं ते मी बोलून गेलो.

"सिस्टर, भरीत फार झालंय. तुम्हाला डब्यात घालून देऊ का थोडं? घरी जाऊन खा निवांत."

त्यांचं हसणं ओसरलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं. म्हणून आणखी चुकलो.

"नाही, म्हणजे, तुम्हाला जेवायलाच बोलावणार होतो. पण तुमच्यात चंपाषष्ठी नसते ना, तुम्ही बुद्धवंदना करणारी माणसं, म्हणून म्हटलं कशाला उगीच…"

सिस्टरनी परडी खाली ठेवली, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "सण नसेल आमच्यात. भूक असते ना? आणि काय हो, जेवायला माणूस हुडकत खराडीपर्यंत सायकल दामटलीत. माझं दार तुमच्या भिंतीला लागून. इथवर यायला काय गिअरची सायकल लागते?"